दोनशे तीस अंश

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी रसेल टनिक्लिफने आपली बायको गेनर हिच्या व्हेपची, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सिगारेटची, टाकी उघडली. आत द्रव तापवणाऱ्या तारेची जी कॉइल होती ती त्याने घातलेली नव्हती.

आधी त्याला वाटलं, टाकीच दुसऱ्या कुणाची आली. पण बुडाशी ओरखडा होता तो ओळखीचा. ऑगस्टमध्ये बसमधून उतरताना गेनरच्या हातून ती फुटपाथवर पडली होती, तेव्हाचा. काचेला आतल्या द्रवाचा, आंबट देठांच्या रूबार्बचा आणि गोड कस्टर्डचा वास होता, तोही तिचाच. म्हणजे टाकी गेनरची आणि तार परक्या हाताची. त्याने कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि ती स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली धरली. तो घालायचा ती कॉइल स्टीलची, नऊ वेढ्यांची. ही आठ वेढ्यांची होती, रंगाने करडी, मधल्या वेढ्यांवर वाळल्या गवतासारखी पिवळट झाक आणि एका टोकाला थोडा निळा. टायटॅनियम. आणि वेढे उलटे पडले होते. तो स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर तार आपल्यापासून दूर नेत गुंडाळत असे; ही गुंडाळणाऱ्याकडे येत गेली होती. दोन वेढ्यांमधलं अंतर मात्र सगळीकडे सारखं होतं, आणि तारेची टोकं स्क्रूलगत नीट कापलेली होती. काम वाईट असतं तर त्याला बरं वाटलं असतं. त्याने व्हेपचा पडदा उजळवला आणि मेनूत गेला. तारेच्या जागी स्टील होतं तिथं टायटॅनियम आलं होतं. तापमान दोनशे दहाचं दोनशे तीस झालं होतं. तो खुर्चीवर बसला. तार बदलणं एकवेळ समजण्यासारखं होतं, तारा तुटतात, माणसं अडचणीत मदत करतात. पण वीस अंश कुणी अडचणीत वाढवत नाही. त्यासाठी कुणीतरी तिला विचारावं लागतं आणि तिने सांगावं लागतं.

दोनशे दहा हा आकडा त्याने काढला होता. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी, जानेवारी दोन हजार पंधरामध्ये, गेनरने सिगारेट सोडली तेव्हा त्याने तिला दोनशे चाळीसवर सुरुवात करून दिली होती. ती खोकली. त्याने दहा उतरवले. ती खोकली, त्याने आणखी दहा उतरवले. दोनशे दहाला झुरक्याचा खोकला थांबला, तिथं तो थांबला. भट्टीवर असंच काम चालतं. बर्स्लेमच्या ज्या कारखान्यात तो तीस वर्षं भट्टीवाला होता तिथं वॉशबेसिनं भाजत, आणि बेसिन तडकायचं थांबलं की आच बरोबर आहे असं धरत. बेसिनाला कुणी काही विचारत नसे. तारेची निवडही त्याने अशीच केली होती. पहिली तार निकेलची. निकेल तापमान उत्तम सांगते, पण इतकी मऊ की द्रव शोषणारा कापूस ओवताना वेढे वाकतात, आणि स्क्रू जरा जास्त आवळला तर तारच चेपते. दीड महिना तो तिच्यासाठी दर तीन दिवसांनी निकेल गुंडाळत होता. मग स्टील. स्टील ताठ, स्वस्थ, लाल होईपर्यंत तापवून झाडून पुन्हा वापरता येणारी, काहीही केलं तरी रागवत नाही. तिच्यात एकच खोट, तापल्यावर तिचा विजेला होणारा रोध फार थोडा बदलतो, आणि यंत्र तारेच्या रोधावरून तापमान ओळखत असल्यामुळे स्टीलवर ते थोडं अंदाजानेच चालतं. ही खोट त्याला माहीत होती आणि त्याने ती पत्करली होती, कारण तिसरी तार टायटॅनियमची होती. टायटॅनियम द्रवाशिवाय कोरडी लाल तापवली तर तिच्यावर पांढरी भुकटी धरते. दोन रविवार त्याने त्यावर वाचण्यात घालवले, एकाचं म्हणणं दुसऱ्याशी जमेना, आणि शेवटी त्याने बेवच्या व्हेपच्या दुकानातल्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की लोकांनी काय हवं ते करावं, माझ्या बायकोच्या छातीत ती भुकटी जाणार नाही. लोक हसले होते. घरी येऊन त्याने गेनरला यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं? बाई बेसिनच्या नळाखाली हात धरते तेव्हा भट्टी किती अंशांवर होती हे तिला कुणी सांगतं का?

दर मंगळवारी गेनर सव्वापाचला पोहायला जाई, तिथं व्हेप नेत नसे, आणि परत येईपर्यंत तो तिची टाकी धुऊन कापूस बदलून ठेवी. हे त्याचं काम होतं असं कुणी ठरवलं नव्हतं. ती ओल्या केसांनी आत येई, "झालं का रे माझं?" म्हणे, तो मान हलवी, ती पहिला झुरका खिडकीशी उभी राहून घेई आणि तो पाठमोरा राहून तो आवाज ऐके. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. एकमेकांच्या अंगाला हात लागण्याचे प्रसंग आता मोजकेच येत, बसमध्ये, आजारपणात. पण जुन्या कापसावरून आठवडाभर ती किती ओढत होती, कोणत्या दिवशी जास्त ओढत होती हे त्याला कळे, आणि ते कळणं हा त्याला आपल्या दोघांमधला सर्वांत आतला भाग वाटे. सासू गेली त्या आठवड्यात कापूस काळा निघाला होता. त्या मंगळवारी त्याने एकीच्या जागी दोन कॉइली करून ठेवल्या होत्या. आणि आता त्या जागी कुणीतरी हात घालून गेलं होतं. गेल्या मंगळवारी त्याची स्टीलची कॉइल आत होती, म्हणजे हे या सात दिवसांतलं. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. आज मंगळवार आहे आणि आपण टाकी उघडणार हे गेनरला माहीत होतं. ती एकतर विसरली होती, किंवा विसरली नव्हती. यातलं जास्त वाईट कोणतं हे त्याला ठरवता येईना.

सहाला पाच मिनिटं असताना तो टाकी खिशात घालून बेवच्या दुकानात शिरला. दुकान साडेसहाला बंद होई. मागच्या बाजूला एक टेबल आणि चार खुर्च्या होत्या, तिथं नेहमीची गिऱ्हाइकं तारा गुंडाळत, एकमेकांच्या कॉइलींना नावं ठेवत आणि चहा पीत. आत्ता एकटा ऑल्विन बसला होता, बसडेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक, धुराच्या ढगात अर्धा बुडालेला.

"मंगळवारी तू इकडे कसा?" बेव गल्ल्यामागून म्हणाली. ती साठीची होती आणि दुकान काढण्यापूर्वी बशांवर फुलं रंगवत असे. "आज तर तुझा घरचा दिवस, राजा."

रसेलने टाकी टेबलावर ठेवून उघडली. "ही कुणाची?"

"बाप शोधतोयस काय हिचा?" ऑल्विन म्हणाला.

"हात कुणाचा ते सांग."

ऑल्विनने भिंग घेतलं आणि बराच वेळ घेतला. घाई करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "टायटॅनियम. म्हणजे तुझी नाही. टायटॅनियम म्हटलं की तुला घाम फुटतो."

"ते मला ठाऊक आहे."

"छान घातलीय पण. तुझ्यापेक्षा मोकळी. डावखुऱ्या माणसाची दिसते. नाहीतर—"

"ऑल्विन, चहा गार होतोय तुझा," बेव म्हणाली.

"होऊ दे की. नाहीतर समोर बसून शिकलेल्याची. समोरच्याचा हात बघून गुंडाळलं की सगळं उलटं येतं. माझी बायको आईसमोर बसून विणायला शिकली, जन्मभर उलटी विणायची. स्वेटर मात्र सुलटे व्हायचे."

रसेलने बेवकडे पाहिलं. बेव एक आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होती. "बस जरा," ती म्हणाली. "काही चोरीमारी नाहीये त्यात. गेनरनं घातलीय ती. स्वतः."

"गेनरनं?"

"हो, गेनर. सोनेरी केस, तुझी बायको. आठवतेय का?"

"कधीपासून?"

"सप्टेंबरपासून येते. शनिवारी दुपारी. तिनं तुला सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल," रसेल म्हणाला. "माझं लक्ष नसेल." शनिवारी तो दहा ते सहा कारखान्यात असे. "शिकवलं कुणी?"

"या टेबलावर बसलं की सगळेच शिकवतात. गप्प बसायला इथं येतं कोण?"

"समोर कोण बसतं?"

बेवने काच खाली ठेवली. ऑल्विनने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "शनिवारी ना? डेन्झिल. माझ्याकडे काय डोळे वटारतेस, बेव? खुर्ची आहे त्याची ती, सगळ्यांना माहितीय."

"रस, तिचा सकाळचा खोकला गेलाय, बघितलंस ना?" बेव म्हणाली. त्याने बघितलं होतं. तो आपल्यामुळे गेला असं समजून चालला होता.

परतीच्या रस्त्यावर चढ होता आणि तो दमला नाही. डेन्झिल त्याला माहीत होता. गाडी चालवायला शिकवणारा, बायको गेलेली, हळू बोलणारा, पन्नाशीतही स्वच्छ नखांचा माणूस. सगळं आयुष्य लोकांच्या शेजारी बसून शिकवण्यात गेलेलं, आणि इथं मात्र समोर बसला होता. वसंतात एकदा त्याने रसेलला स्टीलबद्दल दोन प्रश्न विचारले होते, उत्तरं शेवटपर्यंत ऐकून घेतली होती, आणि म्हटलं होतं, "पण रसेल, स्टील खरं तापमान सांगत नाही ना? टायटॅनियम सांगते. फक्त ती कोरडी तापवायची नाही, एवढं पाळलं की झालं." एवढं पाळलं की झालं. त्याचा राग यावा असं त्यात काही नव्हतं, आणि तो बरोबर होता, हे तर आणखी वाईट होतं. तीस वर्षं रसेल भट्टीत मातीच्या कड्या ठेवून, त्या किती आकसल्या ते मोजून, खरी आच किती लागली ते काढत आला होता. कुठल्या काट्यावर त्याने कधी आंधळा विश्वास टाकला नव्हता. आणि बायकोसाठी मात्र त्याने अंदाजाने चालणारी तार निवडली होती, ती रागवत नाही म्हणून. त्याच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं. गेनरची बोटं, अंगठीच्या बोटावर भाजल्याचा जुना डाग, तिच्या समोर दुसरी दोन बोटं, आणि मध्ये वीतभर तार. ती तार गुंडाळताना ओठ आत घेत असेल. कुठलंही बारीक काम करताना ती ओठ आत घेते. हे आपल्यालाच माहीत आहे अशी इतकी वर्षं त्याची समजूत होती, आणि आता ते गेले अकरा शनिवार आणखी एका माणसाला माहीत होतं. त्यांच्यात काही होतं की नव्हतं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि सोडून दिला. हात धरल्याचं कुणी येऊन सांगितलं असतं तर त्यावर भांडता आलं असतं. दोनशे तीस अंशांवर कसं भांडायचं?

घरी त्याने टाकी धुतली, कापूस बदलला, तो रूबार्बच्या द्रवात भिजवला आणि टाकी यंत्रावर बसवली. पडद्यावर प्रश्न आला, नवी कॉइल आहे का? त्याने नाही दाबलं. रोध शून्य पॉइंट बेचाळीस, तिने घातली तेव्हाचा, थंड असतानाचा. मग त्याने एक गोष्ट केली जी दोन वर्षांत केली नव्हती. तिच्या व्हेपचा झुरका घेतला. धूर जिभेवर आला तो कोमट नव्हता, ऊन होता, ताटात वाढलेल्या पुडिंगसारखा, आणि रूबार्बचा आंबटपणा आधी येऊन कस्टर्ड मागाहून येत होतं. स्टीलवर हे दोन्ही एकत्र लगद्यासारखं येई आणि त्याला वाटे की तो द्रवच तसा आहे. त्याने आणखी एक घेतला. आणखी एक. तिने हे कुठल्यातरी शनिवारी पहिल्यांदा ओढलं असेल, तिच्या भुवया वर गेल्या असतील, आणि समोरचा माणूस बघत बसला असेल. सात-आठ झुरक्यांनी टाकी हाताला चांगली गरम लागायला लागली. ती त्याने मळसूत्रावरून सोडवली आणि लगेच परत घट्ट बसवली. तो हे का करतो आहे हे त्याला माहीत होतं, आणि हात मात्र सवयीने करावं तसं करत होते. पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, नवी कॉइल आहे का? थंड कॉइलवर हो म्हणायचं असतं. गरम कॉइलवर हो म्हटलं तर यंत्र त्या गरम रोधालाच थंड समजतं आणि तिथून वर मोजायला लागतं. मग पडद्यावर दोनशे तीस दिसतात आणि तार त्याच्या कितीतरी पुढं गेलेली असते. कापूस करपतो, घशात पेटल्या चिंधीचा धूर जातो. नवशिके ही चूक करतात, टेबलावर दर महिन्याला कुणीतरी करतंच, मग सगळे हसतात. एक झुरका. तेवढा पुरे होता. ती म्हणेल, ही टायटॅनियमची भानगड नको बाई, आणि टाकी पुढं करेल. आणि शनिवारी टेबलावर सांगेल की तुझ्या तारेनं माझा घसा जाळला. ज्या छातीत भुकटी जायला नको म्हणून त्याने दोन रविवार घालवले होते, ती छाती हीच होती, हेही त्याच्या मनात आलं. सहा वाजून बावन्न मिनिटं झाली होती. त्याने हो दाबलं. आकडा बदलला, शून्य पॉइंट एक्कावन्न, आणि त्याशेजारी आकडा पक्का झाल्याचं बारीक कुलूप उमटलं.

गेनर सव्वासातला आली. केस ओले, हातात ओटकेकची, म्हणजे ओटच्या पिठाच्या धिरड्यांची, पिशवी. "चेहरा असा का?" ती म्हणाली. "भट्टी विझली काय?"

"नाही."

"मग खायला बस. चीज घालून देते. त्या दुकानदारणीनं आज पुन्हा आठाच्या जागी सात दिले होते. म्हटलं, बाई, माझ्या नवऱ्याला मोजता येतं." तिने तवा ठेवला, गॅस लावला, चीज किसायला घेतलं, आणि मग हात पुसून टेबलावरचा व्हेप उचलला. "झालं का रे माझं?"

त्याने मान हलवली. ती खिडकीशी गेली. तिने व्हेप ओठांपर्यंत नेला. तो उठला की नाही हे त्याला नंतर आठवेना, तोंडून काही आवाज निघाला असावा, पण त्याच्या आधीच तिने तो परत खाली घेतला होता आणि पडद्याकडे पाहिलं होतं. दोन वर्षांत तिने झुरक्यापूर्वी पडद्याकडे पाहिलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"एक्कावन्न," ती म्हणाली. मग वळली. "बेचाळीस होता हा."

तो तव्याकडे बघायला लागला.

"गरम असताना बसवलीस?"

"हो."

"आणि हो दाबलंस."

"हो."

तिने गॅस बारीक केला. "चुकून?"

चुकून म्हणणं सोपं होतं. पण तीस वर्षांत त्याने तापलेल्या भट्टीवर काटा शून्याला लावला नव्हता, आणि हे तिला कारखान्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. ती वाट बघत होती. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"नाही," तो म्हणाला.

"किती झालं असतं?"

त्याने मनात गुणाकार केला. तो चुकवता आला असता, तरी त्याने चुकवला नाही. "तीनशे तीस. थोडं वरच."

"आणि कापूस?"

"त्याच्या बराच आधी जळतो."

तिने व्हेप टेबलावर ठेवला, त्याच्यापासून लांब नाही, तिच्याकडे ओढूनही नाही. तव्यावरचा ओटकेक उलटला. चीज कडेने वितळायला लागलं होतं आणि त्याचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला. रसेलच्या मनात वीस प्रश्न होते. त्यातला जो विचारायचा नाही असं त्याने चढावर ठरवलं होतं तोच बाहेर आला.

"तो काय विचारतो तुला?"

"कोण?"

"डेन्झिल."

ती तव्याकडेच पाहत राहिली. तिच्या मानेवरून पाण्याचा एक ओघळ कॉलरमध्ये गेला. "पहिल्या दिवशी विचारलंन, कसं लागतंय. मी म्हटलं, बरं लागतं. तर म्हणाला, बरं म्हणजे कसं? मला सांगताच येईना. मग मी म्हटलं, गार लागतं." ती थांबली. "दोन वर्षं मी गारच ओढत होते, रस."

"मग मला सांगायचं."

"हो. मी सांगायचं की तू विचारायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. या आठवड्यात ती कॉइल काढून तुझी परत घालणार होते. सोमवारी रात्रीपर्यंत तसंच मनात होतं."

"मग?"

"मग नाही घातली."

"फक्त एवढंच आहे का?" असं त्याला विचारायचं होतं. शब्द तयार होते. त्याने ताट पुढं ओढलं. तिने त्यात ओटकेक घातला, दुसऱ्यासाठी तव्यावर हात धरून आच बघितली, आणि पाठमोरीच म्हणाली, "शनिवारी किती वाजता सुटतोस?"

शिफ्टचा तक्ता फ्रिजवर लावलेला होता. बावीस वर्षं तो तिथंच लावलेला असे, आणि शनिवारचे आकडे त्यात कधी बदलले नव्हते. ते तिने कधी विचारले नव्हते. तिला तो शनिवारी दुकानातल्या टेबलाशी हवा होता, की किती वाजेपर्यंत तो तिथं येणार नाही हे पक्कं करून घ्यायचं होतं, हे तिच्या आवाजावरून ओळखण्याचा त्याने प्रयत्न केला. आवाज नेहमीचा होता.

"सहाला," तो म्हणाला.

"सहाला," ती म्हणाली, आणि दुसरा ओटकेक तव्यावर टाकला. सात वाजून पस्तीस मिनिटांपर्यंत व्हेपला दोघांपैकी कुणी हात लावला नव्हता.